शैक्षणिक सुधारणा राबवताना शिक्षकांची टीम का विस्कटते? मुख्याध्यापकांनी या चुका टाळाव्यात

शाळेच्या कार्यालयात एखादे परिपत्रक येते, तेव्हा त्याचा प्रवास कुठून सुरू झाला हे त्या कागदावर लिहिलेले नसते. आपल्या शाळांमध्ये जी नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘पॅट’, घेतली जाऊ लागली, ती स्टार्स या शालेय शिक्षण सुधारणेच्या प्रकल्पाचा भाग म्हणून आली. या प्रकल्पासाठी जागतिक बँकेने जून २०२० मध्ये ५० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि त्यातील सहा राज्यांमध्ये महाराष्ट्र होता. त्याच वर्षी २९ जुलैला राष्ट्रीय शिक्षण धोरण जाहीर झाले. ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू झाले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व पायाभूत गणित करता यावे, हे उद्दिष्ट ठरले. या सगळ्यामागे जगभर रुजलेला एक विचार आहे. किती मुले पटावर आहेत एवढे मोजून भागत नाही, ती काय शिकली हेही पाहिले पाहिजे. ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संस्था पंधरा वर्षांच्या मुलांसाठी २००० पासून घेत असलेल्या पिसा चाचणीने हा विचार देशोदेशी नेला. हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ही आपली दोन राज्ये त्या चाचणीच्या २००९ च्या फेरीत उतरली आणि यादीच्या तळाशी राहिली.

हा विचार मला मनापासून पटतो. परंतु सुधारणेचा कागद आणि वर्गातले मूल यांच्या मध्ये शिक्षक उभे असतात, आणि ते एकेकटे उभे आहेत की एकमेकांच्या आधाराने, यावर त्या कागदाचे पुढे काय होणार हे ठरते. हा आधार उभा करणे हे मुख्याध्यापकाचे काम आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये अनेक वर्षे शिकवताना आणि मुख्याध्यापकाचा पदभार सांभाळताना ज्या चुका मी पाहिल्या, आणि ज्यांतील काही माझ्या हातूनही झाल्या, त्या येथे मांडत आहे.

मुख्याध्यापकाने केवळ टपाल पुढे पाठवणे

सूचनावही वर्गावर्गांतून फिरते. सातवीतला एखादा मुलगा ती घेऊन दारात उभा राहतो, बाई फळ्यावरचे लिहिणे थांबवतात, खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांनी सही करतात आणि पुन्हा फळ्याकडे वळतात. सूचना काय होती हे संध्याकाळी विचारले तर निम्म्या स्टाफला आठवत नाही. यात बाईंचा दोष नाही. एकाच आठवड्यात गणवेशाची माहिती, यू-डायसची, म्हणजे शाळेच्या माहितीच्या ऑनलाइन नोंदींची, दुरुस्ती, पोषण आहाराचा तपशील आणि अध्यापनपद्धती बदलण्याची सूचना या चारही गोष्टी एकाच वहीतून, एकाच सुरात आल्या, तर शिक्षकाच्या मनात त्या सगळ्यांचे वजन सारखेच होते.

त्यामुळे परिपत्रक आले की ते पुढे पाठवण्यापूर्वी स्वतः शेवटपर्यंत वाचावे आणि त्याची विभागणी करावी. जे केवळ माहिती मागते ते कार्यालयाच्या पातळीवर मिटवावे, त्यासाठी बैठक बोलावू नये. जे शिकवण्यात बदल मागते तेवढेच बैठकीत आणावे, आणि तेही ‘असा आदेश आहे’ अशा भाषेत न आणता ‘आपल्या तिसरीतल्या मुलांसाठी याचा अर्थ काय होतो’ या प्रश्नाच्या रूपात. नवे काम सांगताना जुन्यापैकी काय थांबवायचे हेही त्याच बैठकीत ठरले पाहिजे. हे न ठरवता काम वाढवत गेलेल्या मुख्याध्यापकाला शिक्षक काही बोलत नाहीत, ते फक्त मनातून दूर जातात.

गुण भरणे म्हणजेच मूल्यमापन, असे समजणे

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. चाचणी होते, पेपर तपासले जातात, मुदतीच्या आत गुण ऑनलाइन भरण्यासाठी दोन दिवस धावपळ होते, आणि भरणे पूर्ण झाले की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुतळी बांधून कपाटात जातात. एका वर्षी आमच्याकडेही नेमके हेच झाले. दुसऱ्या वर्षी मी स्टाफला विनंती केली की गुण भरून झाल्यावर एक तास सगळ्यांनी उत्तरपत्रिका घेऊन एकत्र बसावे, आणि आकड्यांबद्दल काही न बोलता फक्त चुकलेली उत्तरे पाहावीत.

त्या दिवशी ५२ वजा २७ हे एकच उदाहरण आम्ही जवळपास पाऊण तास पाहत होतो. तिसरीच्या पुष्कळ मुलांनी उत्तर ३५ लिहिले होते. गुण देताना ते नुसते चूक होते; शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले की ती सगळी मुले एकाच वाटेने चुकली होती. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यांनी सातातून दोन काढले, पाच लिहिले, आणि मग पाचातून दोन काढून तीन लिहिले. दुसरीला शिकवणाऱ्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मोठ्यातून लहान वजा करायचे, हे वाक्य मीच त्यांच्याकडून पाठ करून घेतले आहे.” त्या वाक्यानंतर खोलीतले वातावरण बदलले. चौथीच्या सरांनी आपल्याही वर्गातले पेपर काढले, तिथेही तीच चूक सापडली. पुढच्या पंधरा दिवसांत दुसरी, तिसरी आणि चौथी या तिन्ही वर्गांत काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आले, गठ्ठा सोडून दशकाचे दहा सुटे करणे मुलांनी हाताने केले, आणि ‘मोठ्यातून लहान’ हे वाक्य आम्ही शाळेतून ठरवून काढून टाकले.

बाईंना ते वाक्य बोलता आले, कारण बैठकीची सुरुवात मी माझ्या स्वतःच्या वर्गाच्या पेपरांनी केली होती आणि माझ्या मुलांच्या चुका आधी टेबलावर आल्या होत्या. मुख्याध्यापकाने दुसऱ्यांच्या वर्गांचे निकाल वाचून दाखवायला सुरुवात केली, की प्रत्येक जण बचावाच्या तयारीत बसतो आणि पोरांच्या चुकांची कारणे घरची परिस्थिती, गैरहजेरी, आधीच्या इयत्तेचे शिक्षक यांच्यात शोधली जातात. ही कारणे खोटी नसतात, पण त्यांच्यावर शिक्षकांचा हात चालत नाही. हातचा घेणे कसे शिकवायचे, यावर मात्र चालतो.

वर्गात शेरा लिहायला जाणे

जपानमधील शाळांमध्ये शंभरहून अधिक वर्षांची ‘जुग्यो केनक्यू’ नावाची परंपरा आहे. काही शिक्षक मिळून एका पाठाचे नियोजन करतात, त्यांच्यापैकी एक जण तो पाठ घेतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुले कशी विचार करत आहेत याची टिपणे घेतात आणि नंतर सर्वांनी मिळून त्यावर चर्चा होते. निरीक्षकांची नजर मुलांच्या वहीवर असते. पाठ सगळ्यांनी मिळून बांधलेला असल्यामुळे तो फसला तरी तो एकट्याचा फसत नाही.

आपल्याकडे वर्गनिरीक्षण होते तेव्हा नजर शिक्षकावर, टाचणावर आणि फलकलेखनावर असते, आणि त्याचा शेवट ‘पाठ समाधानकारक’ या शेऱ्यात होतो. या शेऱ्याने कोणाचे शिकवणे सुधारल्याचे मला आठवत नाही. ज्या मुख्याध्यापकांना बदल हवा आहे त्यांनी महिन्यातून एक पाठ सहकाऱ्यांसोबत मिळून बांधावा आणि पहिला पाठ स्वतः घ्यावा. मागे बसणाऱ्या प्रत्येक शिक्षकाकडे चार-पाच मुले सोपवावीत आणि त्या मुलांनी काय लिहिले, कुठे खोडले, शेजाऱ्याला काय विचारले एवढेच टिपायला सांगावे. या टिपणांचा कोणत्याही गोपनीय अहवालाशी संबंध असणार नाही हे आधी स्पष्ट सांगावे आणि पाळावे. हा शब्द एकदा मोडला, तर त्या शाळेत हा प्रयोग पुन्हा उभा राहणे फार कठीण असते.

परदेशातील यशाचे टोक उचलणे

फिनलंडचे उदाहरण प्रशिक्षणांत हटकून येते, आणि त्यातून आपण तेथील कमी गृहपाठ, कमी परीक्षा एवढेच उचलतो. तेथे सर्वांसाठी समान शाळेची रचना १९७० च्या दशकात उभी राहिली, शिक्षकाला पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरली आणि शाळा तपासणीची पद्धत त्यानंतर, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. म्हणजे शिक्षकांच्या तयारीवर आधी खर्च झाला, विश्वास त्यामागून आला. फिनलंडचेच शिक्षणतज्ज्ञ पासी साल्बर्ग यांनी ठरावीक मानके, चाचण्या आणि शाळांमधील स्पर्धा यांवर भर देणाऱ्या जागतिक लाटेवर सातत्याने टीका केली आहे, हेही आपल्या प्रशिक्षणांत क्वचितच सांगितले जाते.

सगळा भार तंत्रस्नेही शिक्षकावर टाकणे

प्रत्येक शाळेत एक शिक्षक असा असतो, ज्याला ऑनलाइन कामे चटकन जमतात. सुरुवातीला त्याचे कौतुक होते, मग शालार्थ ही पगाराची ऑनलाइन प्रणाली, यू-डायस, हजेरी, छायाचित्रे, सर्व अहवाल हळूहळू त्याच्याकडे सरकतात, आणि शेवटी त्याचा वर्ग रिकामा राहू लागतो. वर्गातली मुले आपसांत खेळत असतात आणि सर कार्यालयात संगणकासमोर असतात. बाकीचे सहकारी शिकायचे सोडतात, त्याच्या मनात कडवटपणा साचतो, आणि त्याची बदली झाल्यावर शाळेला साधा पासवर्डही सापडत नाही. ही कामे लेखी वाटून द्यावीत, दर सहामाहीला फिरवावीत, आणि जाणकार शिक्षकाने काम करून देण्याऐवजी शेजारी बसून शिकवावे, असा शिरस्ता ठेवावा. शिकवण्याच्या तासांत कोणालाही कार्यालयात बोलावायचे नाही, हा नियम मुख्याध्यापकाने आधी स्वतःला लावावा.

‘आमच्याकडे टीमच नाही’ असे म्हणून थांबणे

ही अडचण खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी मुख्याध्यापकाचे वेगळे पद १५० हून अधिक मुले असतील तेव्हाच येते. वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत ज्येष्ठ शिक्षकच पदभार सांभाळतो, दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवतो आणि बैठकांनाही जातो. तो बैठकीला गेला की पाचही इयत्ता एकट्या सहकाऱ्यावर येतात. अशा शाळेची टीम शाळेच्या भिंतींच्या आत शोधून मिळणार नाही, ती केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, बांधावी लागते. दर महिन्याची शिक्षण परिषद त्यासाठीच आहे. पण दिवसभर सूचना आणि सादरीकरणे ऐकून शिक्षक परततात, तेव्हा ती संधी वाया जाते. केंद्रप्रमुखांनी परिषदेचा निदान अर्धा वेळ मोकळा ठेवावा आणि शिक्षकांना मुलांच्या वह्या, उत्तरपत्रिका घेऊन यायला सांगावे. दुसरी शिकवणारे सगळे शिक्षक एका बाजूला बसले, की एका वस्तीवरच्या शिक्षकाला कळते की आपली मुले जिथे अडतात तिथेच पलीकडच्या गावातली मुलेही अडतात. राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. मोबाइलवर चित्रफीत चालू ठेवून मिळवलेल्या प्रमाणपत्रापेक्षा वह्या समोर ठेवून घालवलेले असे तास त्या अपेक्षेच्या कितीतरी जवळ जातात.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल थोडेच सांगतो. कायद्याने तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असतात, तरी बहुतेक ठिकाणी इतिवृत्त घरी पाठवून सह्या आणल्या जातात. समितीच्या बैठकीत एका मुलाला उभे करून त्याच्याकडून एक उतारा वाचून घ्यावा. पालक काय विचारू लागतात ते मग पाहावे.

घडी विस्कटलीच असेल तर

बैठकीत कोणीच बोलत नसेल, तर बोलण्याचा आग्रह न धरता प्रत्येकाला एका चिठ्ठीवर ‘माझ्या वर्गात या महिन्यात न जमलेली एक गोष्ट’ लिहायला सांगावी, आणि पहिली चिठ्ठी मुख्याध्यापकाने स्वतःची वाचावी. एखादे ज्येष्ठ गुरुजी प्रत्येक नव्या उपक्रमाला विरोध करत असतील, तर त्यांना चारचौघांत समजावू नये. त्यांनी आजवर अनेक योजना येताना आणि विरताना पाहिलेल्या असतात आणि त्यांचा अविश्वास अनुभवातून आलेला असतो. त्यांच्या वर्गात जाऊन त्यांना उत्तम जमणारी एखादी गोष्ट, मग ते पाढे असोत की सुंदर हस्ताक्षर, नव्या शिक्षकांना दाखवण्याची विनंती करावी. माझ्या अनुभवात विरोध अशाने पूर्ण मावळत नाही, पण गुरुजी चर्चेत येऊन बसू लागतात.

बदल्यांचे दुखणे मात्र मुख्याध्यापकाच्या हातात नसते. जमत आलेली टीम एका आदेशाने चार दिशांना जाते, आणि नव्या लोकांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. त्यासाठी आम्ही एक साधी वही ठेवली होती. तिच्यात कोणत्या इयत्तेची मुले कुठे अडतात, आम्ही काय करून पाहिले, कशाचा उपयोग झाला नाही, हे ज्याने त्याने तारीख घालून आपल्या शब्दांत लिहायचे, आणि पदभार देताना किल्ल्या, धनादेश पुस्तिका आणि जडवस्तू नोंदवहीसोबत तीही सोपवायची. माझ्या जागी आलेल्या बाईंनी रुजू झाल्यावर आठवड्याभरात फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न त्या वहीतल्या ५२ वजा २७ बद्दल होता.