फोंड्याची हवा कशी मोजायची

निवडणूक जवळ आली की गोव्यातल्या आमच्या फोंड्यात, तिस्क नाक्यावर, भजी-पावाच्या गाड्यापाशी एकच प्रश्न: "कोण येतलो रे?" मी वीसेक वर्षं बूथवर एजंट म्हणून बसलोय. दोन पक्षांसाठी, आणि एकदा एका अपक्षासाठीही, त्याला माझ्याशिवाय कोणी मिळेना म्हणून. एवढं बसूनही २०२२च्या विधानसभेला मी गाड्यावरचं ऐकलं आणि मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) सीट सहज काढणार म्हणून पैज लावली. १० मार्चला रवी नाईक भाजपच्या चिन्हावर ७७ मतांनी आले, मगोचे केतन भाटीकर राहिले. सत्त्याहत्तर! आमच्या एका बिल्डिंगीत त्याहून जास्त मतं निघतील. पैजेपोटी सहा जणांना मासळीचं जेवण घातलं आणि त्या दिवसापासून कागद बघायला लागलो. भाचा आता विचारतो, मामा, कसं बघतोस? तर असं.

आधी फोंडा म्हणजे कुठला, ते पक्कं कर. फर्मागुढीचा माणूस पणजीत "मी फोंड्याचा" असंच सांगतो, पण मत टाकतो शेजारच्या मडकई मतदारसंघात. बेतोड्याचा शिरोड्यात. फोंडा मतदारसंघ म्हणजे पालिका आणि कुर्टी-खांडेपार. लोकसभेला तर तालुकाच फुटतो: प्रियोळ मतदारसंघ उत्तर गोव्यात, बाकीचे दक्षिणेत. गाड्यावर छातीठोक बोलणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, बाबा, तुझं नाव कुठल्या यादीत?

मग फॉर्म २०, म्हणजे केंद्रवार निकालाचा तक्ता, काढ. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो. प्रत्येक ओळ एक मतदान केंद्र, प्रत्येक रकाना एक उमेदवार, शेवटी 'नोटा', म्हणजे यांपैकी कोणीच नको. नोटाचा रकाना सोडू नकोस, ७७च्या गावात तोही मोठा असतो. टपाली मतं तळाला एकत्र येतात, ती कुठल्या वाड्यावरची ते कळत नाही. म्हाताऱ्यांची घरून घेतलेली मतंही त्यांतच. २०२२ला ही सोय ८० वर्षांवरच्यांना होती, २०२४ला ८५ वरच्यांना, म्हणजे बूथच्या आकड्यात थोडा फरक नुसता यामुळेही पडतो.

आता त्या ओळीला वाडा जोड. मतदार यादीच्या पहिल्या पानावर त्या भागात कुठली वस्ती येते ते लिहिलेलं असतं. खडपाबांध, सदर, शांतीनगर, दुर्गाभाट असं पेन्सिलीने फॉर्मच्या कडेला लिहीत जा. केंद्रांचे क्रमांक मध्येच बदलतात. मी एकदा जुन्या बाराला नवा बारा समजून तुलना केली आणि एक अख्खी वस्ती पक्ष बदलून बसली, असं दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरलो.

कल म्हणून जे म्हणतात ते एका फॉर्मात दिसत नाही. फोंड्याने २०१२ला मगो, २०१७ला काँग्रेस आणि २०२२ला भाजप निवडला. वाचणाऱ्याला वाटेल, काय हे चंचल गाव! पण शेवटच्या दोन्ही वेळा माणूस एकच, रवी नाईक. म्हणून विधानसभेच्या शेजारी लोकसभेचा फॉर्म ठेव. तिथे स्थानिक माणूस नसतो, चिन्ह तेवढं असतं. एकाच बूथवर दोन्हींतला फरक म्हणजे अंदाजे त्या माणसाची स्वतःची मतं. पालिकेचा निकाल यात मिसळू नकोस. तिथे पॅनल असतात, पक्षाचं चिन्ह नसतं, आणि एका प्रभागात मेहुणा-भावोजी समोरासमोर असले की सगळं गणित जेवणाच्या ताटावर ठरतं. आमच्या आईच्या पिढीचं वेगळंच होतं: १९६७च्या जनमत कौलात फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायला मत, मग मरेपर्यंत मगोच्या सिंहाला. ती मतं आता यादीतून गळताहेत.

यादीवरून आठवलं, टक्क्यावर भाळू नकोस. बूथवर ८०० नावं, मतं पडली ६००, म्हणजे ७५ टक्के. पण त्यांतली ६० नावं मयत किंवा इंग्लंडला गेलेल्यांची असली तर खरे मतदार ७४०, आणि मतदान ८१ टक्के. लोक तेवढेच, लायनही तेवढीच. माझे काका वारल्यानंतर दोन निवडणुका यादीत होते. नोव्हेंबर २०२५पासून घरोघरी फेरतपासणी झाली, त्यात अशी नावं निघतात. पुढच्या वेळी टक्का वाढलेला दिसला की लोक जागे झाले म्हणून मथळे येतील. तू आधी पडलेल्या मतांचा नुसता आकडा बघ. गोव्यात विधानसभेला २०२२ला सुमारे ७९ टक्के मतदान झालं, लोकसभेला २०२४ला सुमारे ७६. या तीन टक्क्यांत कुठले वाडे घरी बसले, ते बूथवारच कळतं.

मतदानाच्या दिवशी बसशीलच तर यादी, पट्टी आणि दोन रंगांची पेनं ने. आलेल्याच्या नावावर निळी रेघ, परगावी असलेल्याला लाल टिंब. दुपारी तीनला पानावर जिथे पांढरं उरलंय, तो वाडा जेवून झोपलाय. तिथे माणूस पाठव. संध्याकाळी मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाकडून १७-सी ची, म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशेबाची, सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नकोस. मतमोजणीला यंत्रातला आकडा त्याच्याशीच जुळवायचा असतो. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, कारण एकदा ती खिशातल्या घामाने अशी भिजली की ४ होता की ९, ते मलाच वाचता येईना.