रिको जीआर : जुना घ्यावा की नवा?

रस्त्यावरील छायाचित्रणासाठी रिको जीआर-२ (२०१५) आणि जीआर-३ (२०१९) या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी एक निवडताना आपण बहुधा कोणत्या प्रकाशात फिरतो, हे आधी ठरवावे. दोन्हींत एपीएस-सी सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप; एपीएस-सी हा तिचा आकार) आणि २८ मिमी समतुल्य, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, लेन्स आहे. भर दुपारी एफ-८ (एफ-आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान) ठेवून स्नॅप फोकस (आधीच ठरवलेल्या अंतरावर फोकस ठेवणारी सोय) अडीच मीटरवर लावला, तर साधारण सव्वा मीटरपलीकडचे सारे पुरेसे स्पष्ट येते आणि तिथे नव्याचा वेगवान ऑटोफोकस फारसा कामी येत नाही. संध्याकाळी मात्र जीआर-३ मधील स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरते. चालत्या माणसाची हालचाल ते गोठवू शकत नाही, हे अनेकजण विसरतात. उलट अंगभूत फ्लॅश फक्त जुन्यात आहे, त्याची बॅटरीही अधिक टिकते, आणि जवळून फ्लॅश मारून टिपणाऱ्यांना मी तोच सुचवेन.

वापरलेला कॅमेरा घेताना एफ-१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहावा. काळसर ठिपके दिसल्यास सेन्सरवर धूळ आहे असे समजावे. लेन्स निघत नसल्याने ती घरी साफ करता येत नाही, म्हणून असा कॅमेरा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.