गिअर ऑइल: सिंथेटिक की मिनरल? आधी डबा उलटा करून वाचा

चिपळूणच्या माझ्या गॅरेजमध्ये येणारे बरेचसे गाडीवाले ठरवूनच येतात, "सिंथेटिकच टाका, महाग आहे म्हणजे चांगलंच असणार." (सिंथेटिक म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं, मिनरल म्हणजे कच्च्या तेलातून काढलेलं.) मी आधी डब्यावर लिहिलेला ऑइलचा दर्जा, जीएल-४ की जीएल-५, ते बघायला लावतो. डिफरन्शियलमधल्या (चाकांना फिरवणाऱ्या गिअरांच्या पेटीतल्या) क्राऊन-पिनियन या मोठ्या-लहान गिअरांचे दात एकमेकांवर घासत फिरतात, म्हणून तिथे जीएल-५ लागतं. तेच ऑइल जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ओतलं, तर त्यातली गंधक-फॉस्फरसची जास्तीची मात्रा पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्यांना) खाऊ शकते आणि गिअर अडकत पडतात. दुकानदार "दोन्हीला चालतं" म्हणाला तरी मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या.

मग नंबर. ७५डब्ल्यू-९० बहुतेक सिंथेटिक, ८०डब्ल्यू-९० बहुतेक मिनरल. "पंचाहत्तर म्हणजे पातळ" हा गैरसमज. तापल्यावर दोन्ही नव्वद नंबरच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू वजा ४० अंशांपर्यंत वाहतं राहायला हवं, ८०डब्ल्यू वजा २६ पर्यंत. कोकणात त्याचा उपयोग शून्य. हिवाळ्यात लडाखला निघाला असाल तर गोष्ट वेगळी.

सिंथेटिकचे पैसे वसूल होतात ते उष्णतेत. माल भरून रोज कुंभार्ली घाट चढणाऱ्या पिकअपच्या डिफरन्शियलच्या हौसिंगला (बाहेरच्या कवचाला) हात लावून बघा, चटका बसतो. तिथे मिनरल लवकर काळं पडतं, करपल्याचा वास मारतं. अशा गाडीला मी सिंथेटिकच सुचवतो. बाजारहाट आणि शाळेपुरती फिरणारी गाडी असेल तर चांगलं मिनरल वेळेवर बदला, बास.

पण गाडी पाण्यातून जात असेल तर माझं मत उलटं. तापलेलं हौसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हौसिंगच्या हवा ये-जा करायच्या तोंडातून), सीलमधून पाणी आत ओढलं जातं. जुलै २०२१ च्या पुरानंतर उघडलेल्या हौसिंगांतून दुधाळ चहासारखं ऑइल निघत होतं. असं ऑइल कितीही महागाचं असलं तरी ओतूनच द्यावं लागतं. म्हणून पावसाळ्यात पाण्यातून जाणाऱ्यांनी मिनरल घालावं आणि पावसाळा सरला की बदलावं.

बदलताना आधी वरचा फिलर नट सोडवा, मगच खालचा ड्रेन नट. फिलर गंजून बसला असेल तर ऑइल काढून बसाल आणि भरायला जागा नाही! ऑइल कोमट असतानाच काढा. ड्रेन नटाला मॅग्नेट असेल तर त्यावरचा राखाडी लगदा चालतो. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर गाडी मेकॅनिकला दाखवा. सपाट जागेवर फिलरच्या तोंडाशी येईपर्यंत नवं भरा. शेवटी ब्रीदर साफ करा. तो चिखलाने बुजला की आत दाब वाढतो आणि ऑइल सिंथेटिक असो की मिनरल, सीलमधून बाहेर येतं.