तंबू, शहर आणि नातेवाईक: दोघांच्या उन्हाळी गाडीप्रवासाची आखणी कशी करावी

गाडीत तंबू टाकून दोघांनी आठ-दहा दिवस भटकायचं, वाटेत एखाददुसरं शहर बघायचं आणि ज्यांना वर्षानुवर्षं फोनवर नुसतं 'येतो, येतो' म्हणत आलो त्यांच्या घरी जाऊन यायचं. असा बेत आखणं सोपं वाटतं, कारण नकाशावर ठिकाणं जोडली की रस्ता दिसतो. खरा घोळ होतो तो रात्रींच्या क्रमात. ओले कपडे, अपुरी झोप आणि अंगाला धुराचा वास घेऊन थेट गर्दीच्या शहरात शिरलं की ते शहर नकोसं होतं आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाशीही धड बोललं जात नाही. आम्ही दोघं गेले कित्येक उन्हाळे असे फिरतो आहोत. त्यातून हाताशी आलेली पद्धत इथे सांगतो.

१. आधी रात्री मांडा

कागदावर दिवस लिहू नका, रात्री लिहा. प्रत्येक रात्रीपुढे 'तंबू', 'घर' किंवा 'शहर' एवढंच लिहायचं. आमचा क्रम ठरलेला आहे: दोन रात्री तंबूत, मग नातेवाइकांचं घर, मग शहर. तंबूनंतर घर आलं की कपडे धुतले जातात, पॉवर बँक भरून घेता येते, तंबू वाळतो आणि गादीवर झोप होते. मग शहरात ताज्या अंगाने शिरता येतं. शहरातून निघताना शिधा, गॅस आणि बर्फ भरून घेतला की पुढच्या तंबूची तयारीही आपसूक होते.

तंबू एकाच रात्रीसाठी लावू नका. लावणं, अंथरूण घालणं, सकाळी सगळं गुंडाळणं यात सहज दोन-अडीच तास जातात. एकाच जागी दोन रात्री राहिलात तर मधला अख्खा दिवस मोकळा मिळतो, आणि सुट्टी खरी तीच. दहा रात्री असतील तर चार तंबूत, तीन घरी, दोन शहरात आणि एक कोरी ठेवा. पाऊस लागला, गाडी अडली किंवा एखादी जागा फारच आवडली तर ती कोरी रात्र कामाला येते.

हे मांडण्याआधी एक करा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, 'हे झालंच पाहिजे' अशा तीन गोष्टी लिहा. मग कागद शेजारी ठेवा. एकाला नदीकाठी निवांत वाचत पडायचं असतं आणि दुसऱ्याला संग्रहालय बघायचं असतं, हे निघण्याआधी कळलेलं केव्हाही बरं.

गाडी रोज चार-पाच तासांहून जास्त चालवू नका. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा आणि चालक बदला. तंबूच्या ठिकाणी सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी पोचायचंच, यात आम्ही सवलत घेत नाही. अंधारात खडकाळ जमिनीवर मेखा ठोकताना झालेली भांडणं आम्हाला चांगली आठवतात.

२. नातेवाइकांना नेमकं सांगा

'बघू, जमलं तर येऊ' हे वाक्य यजमानाला सगळ्यांत जास्त त्रास देतं. कोणत्या संध्याकाळी येणार, किती रात्री राहणार, जेवायला आहात की नाही, गाडी कुठे लावायची आणि कपडे धुवायचे आहेत, हे सगळं आधी फोनवर सांगा. पोचायची वेळ मात्र नेमकी देऊ नका. 'पाच ते सातच्या दरम्यान' म्हटलं की त्यांचा जीव टांगणीला लागत नाही.

एका घरी दोन रात्री राहणं मला सगळ्यांत योग्य वाटतं. पहिली संध्याकाळ खुशाली विचारण्यात जाते. खऱ्या गप्पा दुसऱ्या दिवशी होतात.

नातेवाईक ज्याचे, त्याने जोडीदाराकडे लक्ष ठेवायचं. जुन्या आठवणी निघाल्या की बाहेरून आलेला माणूस एकटा पडतो, त्याला दर वेळी संदर्भ सांगावा लागतो. दमल्याची एक खूण दोघांत ठरवून ठेवा. आमच्याकडे 'उद्या लवकर निघायचंय ना?' हा प्रश्न पुरतो.

एकदा रात्रभर पाऊस झाला आणि ओला तंबू तसाच गुंडाळून आम्ही मावशीकडे गेलो. तिने तो अंगणातल्या दोरीवर टाकायला घेतला आणि हा उभा कसा राहतो म्हणून विचारलं. मग आम्ही तिथेच उभा केला. खांब एकमेकांत बसताना होणारा टकटक आवाज तिला फार आवडला. ती आत जाऊन मांडी घालून बसली आणि कापडातून गाळून आलेल्या केशरी उजेडात आईच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायला लागली. त्या मी कधीच ऐकल्या नव्हत्या. तेव्हापासून तंबू वाळवायचा असो वा नसो, नातेवाइकांकडे आम्ही तो एकदा उघडतोच.

३. गाडी आणि डिकी

निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी दाखवून घ्या: ब्रेक, कूलंट, वायपर, बॅटरी. टायरमधली हवा गाडी थंड असतानाच मोजा, कारण चालून तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो. सामान भरपूर असेल तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत पूर्ण भारासाठी दिलेला दाब ठेवा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली असेल तर तो टायर बदलायलाच हवा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहे का, हेही बघा.

डिकी उलट्या क्रमाने भरायची. जे आधी लागणार ते शेवटी आत जातं, म्हणून तंबू सगळ्यांत वर. पाऊस सुरू झाला तर बाकी सामान न उपसता तो हाती येतो. आणि छपराखालच्या रात्रींसाठी एक छोटी बॅग वेगळी ठेवा: दोघांचे एकेक जोड कपडे, दात घासायचं सामान, चार्जर, औषधं. कोणाच्या घरी किंवा हॉटेलात जाताना फक्त ती उचलायची.

४. तंबूतल्या रात्री

नवा तंबू असेल तर आधी घरी किंवा मैदानात एकदा लावून बघा. मेखा पुरेशा आहेत का, हे जंगलात कळून उपयोग नाही.

परवानगी असलेल्या जागीच उतरा. जागा किंचित उंच बघा. खोलगट भागात पाणी साचतं आणि रात्रीची थंड हवाही तिथेच उतरते. वर वाळलेली फांदी लटकत नाही ना, हे मान वर करून पाहा. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू कधीच लावू नका, कारण पाऊस दूर डोंगरात पडला तरी लोंढा तिथे येऊ शकतो. मेख तिरपी ठोका, तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं. वारा नसला तरी तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या, बांधूनच झोपा.

उन्हाळा आहे म्हणून पांघरूण घरी ठेवू नका. साधारण दर हजार मीटर उंचीला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, आणि थंडी खालून, जमिनीतून लागते. म्हणून जाड स्लीपिंग बॅगेपेक्षा चांगल्या मॅटवर आधी पैसे घाला. पहाटे कापडाला आतून थेंब लागलेले दिसले तर तंबू गळतोय असं समजू नका. दोघांच्या श्वासातली वाफच थंड कापडावर जमते. वरच्या झडपा रात्री उघड्या ठेवल्या की ती बरीच कमी होते.

शेगडी, कोळसा किंवा निखारे तंबूत कधीही नेऊ नका, बाहेर कितीही पाऊस किंवा थंडी असो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतला माणूस त्यातून उठत नाही. झडपा उघड्या असल्या तरी हा धोका टळत नाही. ढगांचा गडगडाट ऐकू आला की तंबू सोडून गाडीत बसा, काचा लावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. तंबू विजेपासून वाचवत नाही.

आइसबॉक्समध्ये बर्फाची मोठी लादी ठेवा, ती चुऱ्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते. पिण्याच्या बाटल्या दुसऱ्या डब्यात ठेवा, म्हणजे खाण्याचा डबा सारखा उघडला जात नाही. नाशवंत पदार्थ ४ अंशांखाली राहायला हवेत. ते दोन तासांहून जास्त बाहेर राहिले, किंवा हवा ३२ अंशांच्या वर असताना एक तासाहून जास्त, तर सरळ टाकून द्या. भांडी नदीत किंवा तळ्यात धुवू नका. पाणी भरून काठापासून निदान साठ मीटर दूर न्या आणि तिथे धुवा.

५. शहरात शिरताना

शहरातली सगळ्यांत मोठी चिंता म्हणजे सामानाने भरलेली गाडी. म्हणून मुक्काम निवडताना आम्ही खोलीच्या आधी बंदिस्त पार्किंगची चौकशी करतो. सीटवर काहीही दिसेल असं ठेवू नका, आणि डिकीतली उलथापालथ शहराबाहेर करून घ्या. पार्किंगमध्ये डिकी उघडून सामान हलवलं तर बघणाऱ्याला आत काय आहे ते कळतं.

उन्हात उभी गाडी किती तापते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. बाहेर ३० अंश असताना अर्ध्या तासात आत ४५ च्या वर पारा जाऊ शकतो. गॅसच्या छोट्या डब्यांवर ५० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नये असं लिहिलेलं असतं, त्यामुळे ते बंद गाडीत उन्हात राहू देऊ नका. पॉवर बँक आणि औषधं तर बरोबरच न्या.

सकाळची गर्दी ओसरल्यावर शहरात शिरा, गाडी लावा आणि निघेपर्यंत तिला हात लावू नका. पायी किंवा बस-मेट्रोने फिरा. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी मोकळं भटकणं. यापेक्षा जास्त काही दिवसात कोंबू नका.

६. परतल्यावर

कितीही दमलात तरी त्याच दिवशी तंबू पिशवीतून बाहेर काढा आणि पूर्ण वाळेपर्यंत सावलीत पसरून ठेवा. ओलसर राहिला तर बुरशी धरते आणि आतला जलरोधक थर चिकट होऊन सुटतो. मेखा मोजा. आइसबॉक्स पुसून झाकण उघडं ठेवा. आणि ज्यांच्या घरी राहिलात त्यांना फोन करून पोचल्याचं सांगा, ते वाट बघत असतात.