कात्रजला जाल तेव्हा वाघ शेवटी बघा

आधी महत्त्वाचं: बुधवारी जाऊ नका. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय त्या दिवशी बंद असतं. मी नातवाला घेऊन स्वारगेटहून बसने गेले आणि फाटक बघून परत आले, म्हणून सांगते. सकाळी लवकर पोहोचा. उन्हं चढली की हरणं सावलीला बसतात आणि पोरं रडायला लागतात.

सगळं बघायचा हट्ट धरू नका. 130 एकरांची जागा आहे, पाय बोलायला लागतात. त्यापेक्षा एकच प्रश्न घेऊन जा: हा प्राणी आपला जीव कसा वाचवतो? मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे वहीवर रकाने पाडायची खोड जात नाही. आम्ही पाच पाडले: लपतो, पळतो, दरडावतो, फसवतो, चावतो.

सुरुवात सर्पोद्यानापासून करा आणि निम्मा वेळ तिथेच द्या. कोणत्या पेटीत कोण, हे बदलत असतं, तेव्हा पाटी वाचा. घोणस दिसली की पाठीवरची साखळी बघा. वाळलेल्या पाचोळ्यात ती साखळी दिसतच नाही, म्हणजे 'लपतो'. पण पाय जवळ आला तर कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार सोडते, म्हणजे 'दरडावतो'सुद्धा. फुरसं त्याहून लहान, पण युक्ती न्यारी. वेटोळं घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं आणि करवत चालल्यासारखा आवाज करतं. नाग मानेच्या बरगड्या पसरून फणा काढतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फणा म्हणजे हल्ला नव्हे, 'मागे हो' हा निरोप आहे, हे मात्र पोरांना सांगावं लागतं.

सापाला हलवायला काचेवर टकटक करू नका. त्याला धक्के जाणवतात, आणि तो काचेवर तोंड आपटून घेतो. पाच मिनिटं गप्प उभं राहिलात की जीभ तरी नक्की दिसेल.

'फसवतो'च्या रकान्यात माझा लाडका मांडूळ. शेपूट डोक्यासारखी बोथट. संकट आलं की डोकं वेटोळ्यात लपवतो आणि शेपूट पुढे करतो. सहा महिने या तोंडाने, सहा महिने त्या तोंडाने चालतो, ही गोष्ट तिथूनच आली असणार. बिचाऱ्याची युक्ती सगळ्यांना फसवते, फक्त माणसाला फसवताना अंगाशी येते: गुप्तधनाच्या नादाने त्याची तस्करी होते.

कवड्या आणि मण्यार शेजारी असतील तर थांबाच. कवड्या बिनविषारी, मण्यार जहाल. दोघांच्या अंगावर आडवे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बहुधा मानेच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. ओळख पटली तरी घरात निघालेल्या सापाला हात लावायचा नाही, सर्पमित्राला बोलवायचं.

हे सर्पोद्यान 1986 साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने झालं. त्याआधी ते पुण्यातच 72 विषारी सापांबरोबर 72 तास काचेच्या खोलीत राहिले होते. उगाच छेडल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. नातवाला हे सांगितल्यावर त्याने विचारलं, "आणि झोपले कसे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग हरणांकडे वळा. चितळ बिथरलं की पुढचा पाय आपटतं, शेपटी वर करतं, आणि सगळा कळप माना वर करतो. काळवीट पळता पळता उंच उड्या मारतं. गव्यापाशी जरा रेंगाळा. समोरच्याला धाक घालायचा असला की तो आडवा उभा राहतो, आपण केवढे आहोत ते दिसावं म्हणून. आमच्या वाड्यात एक काका भांडताना अगदी असेच उभे राहायचे.

शेवटी वाघ. तोवर पाणी संपलेलं असतं आणि तिथे गर्दी असतेच. आमचा वाघ झोपला होता. वहीत 'चावतो'खाली एकही नाव नव्हतं, म्हणून मला वाटलं निदान याला तरी तिथे टाकेल. पण पट्टे बघून नातवाने 'लपतो'मध्ये लिहिलं आणि मग स्वतःच अडला.

"आजी, वाघ कुणाला घाबरून लपतो?"

"घाबरून नाही रे. जेवण पळून जाऊ नये म्हणून."

त्याने वाघाचं नाव खोडलं आणि पानाच्या तळाशी सहावा रकाना पाडला.