कपड्यांच्या कंपनीच्या पर्यावरण-निधीची पारख कशी करावी

एखादी कपड्यांची कंपनी पर्यावरणीय वा सामाजिक प्रकल्पांना साहाय्य करत असल्याचे सांगते, तेव्हा ती रक्कम विक्रीच्या प्रमाणात ठरते की नफ्याच्या, हे प्रथम पाहावे. कारण नफा हिशेबात आटवता येतो, विक्री सहसा लपत नाही. अमेरिकेतील पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी १९८५ पासून विक्रीचा १ टक्का पर्यावरणकार्यासाठी देत असल्याचे सांगते, आणि याच धर्तीवर तिचे संस्थापक इव्हॉन शुईनार्ड यांनी २००२ मध्ये क्रेग मॅथ्यूज यांच्यासह ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ ही संस्था उभारली. मदत मिळालेल्या संस्थांची नावे जाहीर आहेत का, हेही तपासावे. रोपे लावतानाची छायाचित्रे (ती तर सर्वांकडेच असतात) पुरेशी नव्हेत. शिवणकामगारांविषयी मात्र चिकाटीने विचारावे: ‘फेअर ट्रेड’ (म्हणजे कामगारांशी न्याय्य व्यवहार होतो असे प्रमाणपत्र देणारी व्यवस्था) प्रमाणित कारखान्यात कंपनीने दिलेली जादा रक्कम कशी वापरायची, हे कामगारच ठरवतात.