बालखोलीची जुनी विनोदी चित्रं घेताना

इंग्लंडमध्ये १९००च्या सुमारास सेसिल ऑल्डिन, जॉन हॅसल यांनी मुलांच्या खोल्यांसाठी गमतीदार रंगीत चित्रं काढली. ती फार लोभस आहेत, म्हणून नकलाही भरपूर. घेण्याआधी दहापट भिंगातून रंग पाहा. जुन्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात. ऑफसेटमध्ये, म्हणजे नकलांच्या आधुनिक यंत्रछपाईत, नेटक्या जाळीत. मात्र जाळी दिसली म्हणून लगेच नाकारू नका, जाळीच्या ठिपक्यांची छपाई तेव्हाही सुरू झाली होती. अशा वेळी कागद अतिनील दिव्याखाली धरा. निळसर चमकला तर तो बहुधा १९५० नंतरचा. समास कापलेला असेल तर भाव पाडून मागा. फ्रेममागचा जुना पुठ्ठा मात्र आधी काढा. त्यातल्या आम्लाने चित्र तपकिरी पडतं. त्याजागी आम्लरहित पुठ्ठा घाला.